प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) सांडपाण्यातलं क्रोमियम झिओलाइटने निघेल का?

षट्संयुजी क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) असेल, तर साध्या झिओलाइटने नाही निघणार. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज; त्याच्या सांगाड्यावर ऋण भार असतो; शिसं, कॅडमियम यांचे धनभारित आयन तो सोडियमच्या बदल्यात धरून ठेवतो. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेटच्या रूपात असतं आणि क्रोमेट स्वतःच ऋणभारित, त्यामुळे ते सरळ पुढे वाहून जातं. आधी पीएच २-३ वर आणून सोडियम बायसल्फाइट घाला (वायू सुटतो, हवा खेळती हवी). पिवळं पाणी हिरवट झालं की क्रोमियम त्रिसंयुजी (कमी विषारी रूपात) झालं. मग चुन्याने पीएच ८-९ केला की ते गाळ होऊन खाली बसतं. उरलंसुरलं टिपायला शेवटी सक्रिय कार्बनचा थर ठेवा. आणि कळकळीने सांगतो, हा गाळ, वापरलेला कार्बन नाल्याकाठी ओतू नका. तो घातक कचरा आहे, अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवा.