वाचकांचे प्रश्न : धाब्याच्या वाड्याच्या सहा सदनिका कराव्यात का?

प्रश्न : यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमचा खटल्याचा, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाचा, जुना वाडा आहे. नऊ खणांचे (तुळयांमधील गाळ्यांचे) धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, मधोमध चौक, मागे गोठा आणि गोठ्यापलीकडे खळे अशी त्याची रचना आहे. धाकटे बंधू तेथे राहून केळीची शेती पाहतात. आम्ही बाकीचे तीन भाऊ आणि दोन बहिणी आखाजीला जमतो, तेवढ्यापुरताच पूर्ण वाडा उघडला जातो. गेल्या वर्षी मुलीकडे गेलो असता उत्तर इटलीतील साउथ टायरॉलमध्ये एका जुन्या शेतघरात चार दिवस राहण्याचा योग आला. त्या घराच्या सहा सुंदर सदनिका करून त्या पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. आपल्याही वाड्याचे तसे करावे, असे सर्वांच्या मनात आहे. ओळखीचे एक अभियंता मात्र म्हणतात, की वाडा पाडून आर.सी.सी. बांधकाम करावे आणि वर उतरते लाल पत्र्याचे छप्पर घालावे, म्हणजे इमारत ‘स्विस’ दिसेल. आपले मत काय? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : लाल पत्र्याचा विचार प्रथम सोडून द्यावा. आल्प्समधील छप्पर उतरते असते ते हौसेने नव्हे. अनेक खोऱ्यांत ते मुद्दाम कमी उताराचे ठेवतात, कारण त्यावर साचलेला बर्फ घराला पांघरुणासारखा उपयोगी पडतो. यावलच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना पत्र्याखालची खोली भाड्याने तर सोडाच, फुकटही कोणी घेणार नाही.

आपण जे घर पाहिले त्याचा तळमजला बहुधा दगडी आणि वरचा भाग लार्च किंवा स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा असावा. टायरॉलकडे राहते घर आणि गुरांचा व गवताचा कोठार शेजारी-शेजारी पण वेगळे बांधण्याची मोठी परंपरा आहे. पर्यटकांसाठी खोल्या काढताना तेथील जाणते वास्तुकार पुष्कळदा कोठाराला हात घालतात. कोठारात भिंती कमी आणि दारे मोठी असल्यामुळे काच, जिने, न्हाणीघरे हे सारे नवे त्यात सामावते. जुन्या घरातील ‘ष्टुबं’, म्हणजे लाकडी तक्तपोशीची आणि मोठ्या शेगडीची बैठकीची खोली, मात्र शक्यतो जशीच्या तशी राखली जाते. तिचे छत ठेंगणे आणि खिडक्या लहान असतात, कारण ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्या धाब्याच्या खिडक्याही लहानच असतात, पण ऊन आत येऊ द्यायचे नसते म्हणून. दोन्हीकडे कारण उलटे असले तरी धडा एकच आहे : बाहेरच्या जाड भिंती फोडून मोठ्या काचा बसवू नयेत. उजेड हवा असेल तर तो चौकाच्या बाजूने घ्यावा.

त्या न्यायाने आपले कोठार म्हणजे मागचा गोठा. नवे बांधकाम, पाण्याच्या वाहिन्या, न्हाणीघरे आणि शौचालये गोठ्याच्या जागेवर स्वतंत्र पायावर उभी करावीत. ती जुन्या भिंतीला लागून असली तरी तिच्यावर टेकलेली नसावीत, आणि मातीच्या भिंतीत खाचा पाडून नळ नेऊ नयेत. मातीच्या भिंतीला भार सहज पेलतो. तिला खाते ते आत मुरलेले पाणी.

आता धाब्याकडे वळू, कारण या वाड्याचे भवितव्य तेथेच ठरणार आहे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी धाब्यावर खारी, म्हणजे खारवट माती, टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. जितकी टाकली तितकी वाहून जात नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जातो आणि मूळच्या तुळयांवर त्यांच्या बांधणाऱ्याने कधी कल्पिले नसेल इतके ओझे येऊन बसते. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे बरोबर एक ब्रास, आणि एका ब्रास मातीचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. ती भिजली म्हणजे आणखी वाढते. म्हणून पहिले काम माती उतरवण्याचे. ती एका कोपऱ्यातून खणत न जाता सर्व खणांवरून थराथराने, सारखी उतरवावी, नाही तर एका बाजूचा भार एकदम हलका होऊन जुनी भिंत दुसरीकडे कलते. हे काम पावसाळा संपल्यावर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवावे.

माती उतरल्यावर तुळयांची भिंतीत गाडलेली टोके उघडी करून पाहावीत. मधला सागवान शंभर वर्षांनीही ठणठणीत असतो, पण भिंतीतले टोक वाळवीने किंवा ओलीने पोखरलेले असते. एवढ्यावरून तुळई फेकून देणाऱ्या सुताराला नमस्कार करून घरी पाठवावे. आल्प्समधील सुतार कुजलेले टोक कापून त्या जागी त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवतो. आपल्याकडील जुन्या सुतारांनाही ही विद्या ठाऊक आहे, फक्त आपण त्यांना विचारत नाही. त्यानंतर मातीचा थर निम्म्यावर आणून त्यावर पाणी न झिरपणारा थर आणि पन्हळींकडे नीट उतार द्यावा. माती पूर्णपणे काढून स्लॅब टाकू नये. जाड माती दिवसाचे ऊन आत पोचायला वेळ लावते, आणि आपले पाहुणे पैसे देणार ते त्या गारव्यासाठी.

सदनिकांची संख्या आराखड्यावरून न ठरवता खणांवरून ठरवावी. जागोजागी भिंती घातल्या तर सहा निघतील, पण चौक अंधारेल आणि वाड्याचे वाडेपण जाईल. माझ्या मते वाड्यात दोन, गोठ्याच्या जागी एक किंवा फार तर दोन, आणि ओसरी, चौक व स्वयंपाकघर सामायिक, एवढे पुरे. धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब तेथेच राहणार असेल तरच हे चालेल. साउथ टायरॉलमध्ये शेतकरी संघटना ‘लाल कोंबडा’ या चिन्हाखाली अशी घरे पाहुण्यांपुढे ठेवते; तेथे शेती चालू असणे हा गाभा आहे. इटलीच्या १९८५ च्या आणि नंतर २००६ च्या कायद्यांतही शेतावरचे पर्यटन हे शेतीला जोडूनच मानले आहे. केवळ कुलूपबंद सुट्टीची घरे वाढली की गाव ओस पडते, या धास्तीने स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २०१२ मध्ये कोणत्याही गावात अशा दुय्यम घरांचे प्रमाण वीस टक्क्यांपुढे जाऊ नये, असा कौल दिला.

आता नाजूक बाब. साउथ टायरॉलमध्ये ‘बंद शेत’ या कायद्याने घर आणि जमीन अखंड एकाच वारसाकडे जाते, आणि इतर भावंडांना बाजारभावाने नव्हे तर शेताच्या उत्पन्नावर आधारलेल्या किमतीने हिस्सा दिला जातो. म्हणूनच ती घरे टिकली. आपल्याकडे सर्वांचा हक्क समान आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही. तो असावाच. पण सहा भावंडांना सहा सदनिका वाटल्या, तर दहा वर्षांत धाबे कोणी दुरुस्त करायचे आणि खारी कोणी टाकायची यावरून बोलणे बंद होईल. त्यापेक्षा वाडा अविभक्त ठेवून सहाही जणांची भागीदारी नोंदवावी, चालवणाऱ्या बंधूंना मेहनताना वेगळा द्यावा आणि उरलेले उत्पन्न वाटावे. दुरुस्तीचा निधी वाटणीआधी बाजूला काढावा, हे कागदावर असू द्यावे.

पाहुणे येतील का? मे महिन्यात नाही. हिवाळ्यात पाल आणि यावल अभयारण्य, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव मंदिर, थोडे लांब अजिंठा, आणि खळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत व कळण्याची भाकरी एवढे आपण देऊ शकता. उत्पन्न चार महिन्यांचेच धरून खर्चाचा मेळ घालावा. कृषी पर्यटनासाठी राज्याचे २०२० चे धोरण आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही मातीच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत तो फुगून पोपड्यांसह पडला. आता काय करावे? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : जमिनीतून चढणारी ओल पूर्वी मातीच्या लिंपणातून हवेत निघून जात होती. सिमेंटने तिची वाट अडवली, त्यामुळे ती क्षारांसह मागेच साचली आणि लोणा लागून भिंतीची माती भुसभुशीत झाली. उरलेला गिलावा उतरवून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकू द्यावी. मग माती व चुन्याचे लिंपण करावे. बाहेरच्या बाजूने पागोळीचे पाणी पायाशी पडत असेल तर आधी ते वळवावे, अन्यथा चुनाही टिकणार नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा नमुना ८ माझ्या नावावर आहे. वाड्याच्या नूतनीकरणासाठी कर्ज काढायला तो पुरेसा आहे का? (एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : नमुना ८ हा मुख्यतः घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेत झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्यावी आणि तीवर वडिलांच्या सर्व वारसांची नावे आहेत की नाहीत ते पाहावे. एखाद्या बहिणीने आपला हिस्सा खरोखर सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. लग्नाच्या वेळी तोंडी बोलणे झाले होते, हे बँकेत चालत नाही. कर्जाचा अर्ज आणि गवंड्याची उचल ही दोन्ही त्यानंतरची कामे आहेत.