एकॉर्न, म्हणजे ओकच्या झाडाचं टणक टरफलाचं फळ, इतकं कडू असतं, मग अश्मयुगातली माणसं ते खायची कशी? आणि आज घरी करून खाता येतं का?

हो, खायची, आणि तोंडी लावण्यापुरतं नाही तर पोटभर. घरीही करता येतं. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहते, आवारातच व्हॅली ओकचं मोठं झाड आहे. गेली चार वर्षं दर ऑक्टोबरात एकॉर्न वेचून त्याचं पीठ करते, म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं.

आधी कडूपणाचं बघू. एकॉर्नमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. कच्चं जांभूळ चावल्यावर जीभ कशी आखडते? तेच, पण कितीतरी पटीने. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळे लाळेचा ओलावा गेल्यासारखा वाटतो आणि जास्त खाल्लं तर पोटही बिघडतं. मात्र हे टॅनिन पाण्यात उतरतं. सगळी विद्या या एवढ्यावर उभी आहे.

ती विद्या इथल्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे मिवोक, मैदू, पोमो, योकुट्स या लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या जपली. आमच्याकडून डोंगराच्या बाजूला गेलं की अमाडोर काउंटीत पाइन ग्रोव्हजवळ एक सपाट, करडी शिळा आहे. मिवोक लोक तिला 'चाव'से' म्हणतात. तिच्यावर कुटून कुटून पडलेली १,१८५ उखळं आहेत. माझ्या आजोळी ओसरीवर जमिनीत पुरलेलं एक उखळ होतं, त्यामुळे ती शिळा पाहताच तिथे बायका शेजारी शेजारी बसून कुटत असणार, बोलत असणार, हे डोळ्यांसमोर आलं. मी गेले तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि प्रत्येक खळग्यात पाणी साचलं होतं. बराच वेळ तिथून पाय निघेना.

त्यांची रीत अशी. शरद ऋतूत एकॉर्न वेचायचं, पण सुरुवातीला गळणारं बहुतेक किडकं असतं म्हणून ते सोडायचं. मग वाळवायचं आणि खांबांवर उभ्या केलेल्या कणग्यांत साठवायचं. लागेल तसं दगडाने फोडायचं, आतलं तांबूस साल पाखडून काढायचं, कुटायचं, चाळायचं. नंतर ओढ्याकाठी वाळूत उथळ खड्डा करून त्यात पीठ पसरायचं आणि वरून पाणी सोडत राहायचं. धार थेट पडली तर पिठाला भोक पडतं आणि वाळू वर येते, म्हणून पाणी झाडाच्या डहाळीवरून सोडायचं. किती वेळा? जिभेला कडू लागेनासं होईपर्यंत. शेवटी पाणी धरणाऱ्या घट्ट विणीच्या टोपलीत पीठ-पाणी घालून त्यात विस्तवातले तापलेले दगड सोडायचे आणि टोपली जळू नये म्हणून ते सतत फिरवत राहायचे. मातीचं भांडंसुद्धा न वापरता पेज शिजते.

गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी इथे झुंबड उडाली त्या काळात, १८४९ नंतर, बाहेरून आलेल्यांची गुरं-डुकरं हेच एकॉर्न खाऊ लागली, ओक तोडले गेले. तिथल्या लोकांचं ते धान्याचं कोठारच लुटलं गेलं. हे लोक आजही आहेत, आजही एकॉर्न करतात. त्यांच्याबद्दल भूतकाळात बोललेलं मला आवडत नाही.

आता अश्मयुगाकडे. इस्रायलमधल्या गेशर बेनोट याकोव्ह इथे सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत खाण्याजोग्या अनेक वनस्पतींच्या अवशेषांबरोबर एकॉर्नही सापडलं आहे. त्याहून बोलका पुरावा मोरोक्कोतल्या ताफोराल्तच्या गुहेत आहे. तिथे साधारण १५,००० वर्षांपूर्वी शिकार करून, कंदमुळं-फळं गोळा करून जगणाऱ्या माणसांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले निघाले. शेती यायच्या कितीतरी आधी! गुहेत जळालेलं गोड जातीचं एकॉर्न आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया मिळाल्या. पिष्टमय, चिकट अन्न रोज खाल्लं तर दातांचं जे होतं तेच झालं होतं.

म्हणून 'आदिमानवाचा आहार' म्हणून मांसाने भरलेलं ताट दाखवतात ते मला पटत नाही. मांस खात होतेच. पण हाडं आणि दगडी हत्यारं टिकतात, सालं-टरफलं कुजून जातात, त्यामुळे चित्र शिकारीकडे झुकतं. वेचणं, वाळवणं, कुटणं, धुणं हे निगुतीचं काम मागे फारसं काही ठेवत नाही. आपल्याकडेही पालघर-ठाण्यातल्या आदिवासी बायका कडू कंदाच्या चकत्या उकळून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो.

घरी करायचं तर मी असं करते. एकॉर्न बादलीभर पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं (आत अळी असते). भोक पडलेलंही नको. बाकीचं पुसून नीट वाळवायचं. पहिल्या वर्षी मी ओलसरच पिशवीत भरलं आणि आठवड्यात सगळ्याला बुरशी आली, सगळं टाकावं लागलं. वाळलं की फोडून, सोलून मिक्सरमध्ये पाण्याबरोबर बारीक वाटायचं आणि मोठ्या बरणीत तिप्पट पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. पुढचं कुरडयांच्या चिकासारखंच: रोज सकाळी वरचं तपकिरी पाणी हळूच ओतून टाकायचं, खालचा साका हलू द्यायचा नाही, ताजं पाणी घालून ढवळायचं. माझ्या झाडाच्या एकॉर्नला सहा-सात दिवस लागतात, दुसऱ्या जातीला दुप्पटही लागू शकतात. दिवस मोजू नका, चिमूटभर चाखून बघा.

घाई म्हणून उकळून पाणी काढलं तर कडूपणा लवकर जातो, पण पिठाचा चिकटपणाही जातो. त्या पिठाचं थालीपीठ थापताच फुटतं, हे मी करून पाहिलं आहे. थंड पाण्याने काढलेलं पीठ पंचात घट्ट पिळून ज्वारीच्या पिठात निम्मं मिसळा, कांदा, तीळ, मीठ घाला. रंग नाचणीसारखा येतो आणि चव भाजलेल्या सुक्यामेव्याच्या जवळ जाते. सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.