वॉटर स्कीइंग शिकताना बोट सुटली की मी लगेच पडतो. उभं कसं राहायचं?

उभं राहायची घाई करू नका, बोटीला तुम्हाला उचलू द्या. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उकिडवं बसल्यासारखे व्हा: गुडघे छातीशी, हात सरळ, स्कींची टोकं पाण्याबाहेर. दोरी ताणली की हँडल स्वतःकडे खेचायचा मोह होतो आणि बहुतेक नवशिके तिथेच पडतात. हात ताठच ठेवा, नजर बोटीकडे. स्की पाण्यावरून घसरू लागल्या की मगच सावकाश उठा, गुडघे थोडे वाकलेलेच राहू द्या. टोकं वर ठेवून मागे रेलायची ही युक्ती या खेळाचा जनक मानल्या जाणाऱ्या राल्फ सॅम्युएलसनला १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या लेक पेपिन तलावावर, कितीतरी फसलेल्या प्रयत्नांनंतर सापडली. तेव्हा चार-सहा वेळा पडलात म्हणून सोडून देऊ नका. मात्र तोल गेला की हँडल तत्काळ सोडा!