इन्व्हिजिबल झाल्यावरही स्टेल्थ का टाकायचा?

तुमचा प्रश्न असा की, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात विझर्डने (जादूगाराने) रोगवर (Rogue, म्हणजे चोरट्या पात्रावर) इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य करणारा स्पेल (मंत्र) टाकला, तरी डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) स्टेल्थचा, म्हणजे गुपचूप वावरण्याचा, रोल मागतो. मग स्पेल वाया गेला का? नाही. डीएम बरोबर आहे. आमच्या सांगलीच्या ग्रुपचा एक अख्खा रविवार याच भांडणात गेलाय.

आमच्या डीएमने हळदीचं गोदाम उभं केलं होतं (सांगलीकर डीएम, दुसरं काय सुचणार). माझं रोग पात्र अदृश्य. मी ऐटीत म्हटलं, "चालत जातो, कोण बघतंय!" डीएम म्हणाला, "खाली हळदपूड सांडलीये. तू दिसत नाहीस, पण पिवळ्या पुडीत एकेक पाऊल उमटतंय." रोल टाकला, ४ आला. बोनस धरून ११. पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकताच धरलेला चाहूल ओळखण्याचा आकडा) १३. त्याने पावलांच्या पुढ्यात भाला खुपसला.

तर फरक हा. इन्व्हिजिबल म्हणजे डोळ्यांना दिसत नाही. लपलेला म्हणजे कुठे आहे तेच कळत नाही. समोर बसून कुणी भडंग खात असेल, तर तो दिसला नाही तरी कुरकुर ऐकून कुठे बसलाय ते कळतंच की!

पण त्या भाल्याचा रोल डिसअॅडव्हांटेजने (दोनदा फासा टाकून लहान आकडा धरायचा) झाला आणि चुकला. ही स्पेलची कमाई. शिवाय ज्या स्पेलला समोरचा दिसावा लागतो, उदाहरणार्थ मॅजिक मिसाइल, तो तुमच्यावर टाकता येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट: एरवी लपायला खांब, पोती, अंधार असं काहीतरी लागतं, अदृश्य असाल तर भर चौकातही लपायचा प्रयत्न करता येतो. उलट, नुसता स्टेल्थ वापरून पोत्यांमागे लपलात आणि पहारेकरी वळसा घालून आला, की खेळ खल्लास.

दुसऱ्या लेव्हलची साधी इन्व्हिजिबिलिटी हल्ला केला किंवा स्पेल टाकला की संपते. चौथ्या लेव्हलची ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी टिकते, पण मिनिटभरच.

हे सगळं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचं. २०२४ च्या नियमांत डीसी १५ चा (बोनस धरून किमान १५ यायला हवेत असा) स्टेल्थ जमला की लपलेल्यालाही 'इन्व्हिजिबल' हीच कंडिशन (अवस्था) मिळते. माझ्या मते या एका शब्दाने उगाच घोळ घातलाय. तेव्हा तुमच्या टेबलावर कुठलं पुस्तक चालतं, ते डीएमला आधी विचारा.