नव्या जागी आधी नालबंद शोधावा, मग तबेला

पुण्याहून फोंड्याला बदली झाली असून सोबत सहा वर्षांची घोडी आणायची आहे, तेव्हा गोव्यात नालबंद, घोड्यांचा डॉक्टर आणि घोडी फेरणारा (तिच्यावर बसून रोज व्यायाम देणारा) माणूस कसा शोधावा, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः कोल्हापूरहून डिचोली तालुक्यात घोडी घेऊन आलो तेव्हा आधी सुंदर तबेला पाहिला आणि माणसांचा शोध नंतर सुरू केला. तो क्रम उलटा होता, असे मी अनुभवाने सांगतो.

सुरुवात नालबंदापासून करावी, कारण त्याची गरज दर पाच-सहा आठवड्यांनी पडणारच असते. माझ्याकडे आलेले पहिले गृहस्थ बैलांना पत्र्या मारण्यात तरबेज होते आणि घोड्याचेही काम जमते असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. त्यांनी खुराच्या तळाची त्रिकोणी मऊ गादी गरजेपेक्षा जास्त कोरली, एक खिळा जिवंत भागात गेला, आणि घोडी तीन आठवडे पाय टेकत नव्हती. तेव्हापासून मी माणसाचे नाव विचारण्याआधी त्याने नाल मारलेला घोडा पाहतो. गोव्यात घोडे मोजकेच असल्यामुळे हे अवघड नाही: वरातीचे घोडेवाले, किनाऱ्यावर फेरी देणारे आणि घोडेस्वारी शिकवणारे तबेले एवढ्यांकडे चौकशी केली की बहुतेक माहिती हाती येते. (एका गावात मात्र ‘घोडे कुठे आहेत’ असे विचारल्यावर मला मोठ्या अगत्याने शिगम्याच्या घोडेमोडणी नाचातले लाकडी घोडे दाखवण्यात आले.) मालकाच्या परवानगीने पाय उचलून पाहावा. खिळ्यांची वाकवलेली टोके खुराच्या भिंतीवर साधारण एका रेषेत आहेत का, टाच नालेवर नीट टेकली आहे का, आणि खूर नालेच्या मापाने कानशीने घासून बसवला आहे की नाल खुराच्या मापाने घडवली आहे, हे पाहिले की माणूस कळतो. जवळपास कोणी पटला नाही तर तीन-चार मालकांनी मिळून बेळगाव किंवा कोल्हापूरकडचा नालबंद ठरावीक दिवशी बोलवावा, म्हणजे प्रवासखर्च वाटला जातो. आम्ही आता तसेच करतो.

डॉक्टरांच्या बाबतीत पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यातूनच चौकशी सुरू करावी. तेथील डॉक्टरांकडे मुख्यतः गाईम्हशी आणि कुत्री येतात, त्यामुळे ‘घोडे पाहता का’ असे मोघम विचारण्याऐवजी, पोटशूळ उठल्यास नाकावाटे पोटात नळी घालता येते का आणि रात्री येणे जमेल का, हे दोन प्रश्न विचारावेत. घोड्याला ओकारी येत नाही, म्हणून पोटशूळात ही नळी जीव वाचवू शकते. पुण्यात सध्या घोडी पाहणाऱ्या डॉक्टरांचा संबंध तोडू नये. इथले डॉक्टर घोडीजवळ आणि जुने डॉक्टर फोनवर, अशी जोडी मला दोनदा उपयोगी पडली. निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांकडून प्रवासासाठी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा, आणि धनुर्वाताची लस व ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे कोणताही जबाबदार तबेला त्याचा अहवाल मागणारच.

खाण्याविषयी थोडक्यात. पुण्याचा कडबा आणि चंदी (दाणा) किमान दोन आठवड्यांची सोबत आणावी आणि इथला चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळावा. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर घोडी ठेवू नये. गाईचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य तर तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) चुकूनही घालू नये, कारण त्या खाद्यात कधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि ते घोड्याला अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरते.

वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तबेला निवडताना छपरापेक्षा जमीन पाहावी. जांभ्याची फरशी उंच, उतार असलेली आणि सकाळी कोरडी दिसली पाहिजे. पावसाळ्यात रोज खूर साफ न केल्यास तळाची गादी काळी पडून कुजू लागते, आणि हे काम साईसावर (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकरावर) सोपवले तरी कुजल्याचा वास येतो का ते स्वतः पाहावे.

घोडी फेरणाऱ्या माणसाची घाई करू नये. घोडी आल्यावर पहिले दोन आठवडे तिला हाताने चालवावे, कारण दमट हवेत काही घोड्यांचा घाम कमी होतो किंवा थांबतो, आणि अशा घोड्याला दौडवले तर अंग तापून तो कोसळू शकतो. त्यानंतर माणूस पाहायला जावे तेव्हा त्याच्या स्वारीपेक्षा तो मोकळ्या घोड्याला पकडतो कसा आणि लगाम चढवतो कसा, ते पाहावे. मी शेवटी ज्यांना ठेवले ते लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ पहिल्या दिवशी घोडीवर बसलेच नाहीत. अर्धा तास तिच्याशेजारी उभे राहून त्यांनी फक्त खरारा केला, म्हणजे तिचे अंग ब्रशने घासले.