धाप लागते, मग डॉक्टर मान का पाहतात?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 67 आहे. दोन महिन्यांपासून जिना चढताना त्यांना धाप लागते आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. ईसीजीत दोष आढळला नाही. नव्या डॉक्टरांनी मात्र त्यांना अर्धवट टेकवून बसवले, बराच वेळ मानेकडे पाहिले, पाय दाबले आणि छातीला स्टेथोस्कोप अगदी शेवटी लावला. हृदयाची शंका असताना मान आणि पाय कशासाठी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ईसीजी हा हृदयातील विद्युतसंदेशांचा आलेख असतो. हृदयात किती रक्त तुंबले आहे, हे त्यावरून थेट कळत नाही. ते मानेवरून बरेचसे कळते. मानेच्या उजव्या बाजूची खोलवरची शीर हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे जवळजवळ सरळ उतरते. टाकीला बाहेरून लावलेल्या काचेच्या नळीत जशी पाण्याची पातळी दिसते, तशी या शिरेत त्या कप्प्यातील दाबाची पातळी दिसते. माणूस आडवा झोपला की निरोग्याचीही शीर भरते आणि ताठ बसला की पातळी गळपट्टीच्या हाडामागे लपते. म्हणून सुमारे 45 अंशांत टेकवून, मान किंचित डावीकडे वळवून आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकून ती पाहावी लागते. छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागात बोटाला एक आडवा उंचवटा लागतो. तेथून उभ्या रेषेत मोजलेली उंची 3-4 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर दाब वाढला आहे असे समजतात. शेजारीच धमनीही उडत असते, पण तिचा ठोका बोटाला जाणवतो. शिरेची हालचाल नुसती दिसते, प्रत्येक ठोक्याला बहुधा दोनदा थरथरते आणि हाताला लागत नाही. हे बारकाईने पाहायला वेळ लागतो, आणि तो देणारे डॉक्टर तुम्हाला भेटले याचा मला आनंद वाटतो.

आता पाय. नडगीवर अंगठ्याने काही सेकंद दाबून ठेवल्यावर खळगा राहिला, तर तेथे पाणी साठलेले असते. मात्र तेवढ्यावरून हृदयाला दोष देता येत नाही, कारण मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार, फुगलेल्या शिरा, इतकेच काय, रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिनची गोळीसुद्धा पाय सुजवते. मानेतील पातळी वर चढलेली आणि पायही सुजलेले, असे दोन्ही एकत्र आढळले की संशय हृदयावर पक्का होत जातो. मानेतील पातळी वाढलेली नसेल, तर डॉक्टर आधी इतर कारणे शोधतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायांऐवजी कमरेच्या मागे उतरते, म्हणून तेथेही दाबून पाहायचे असते.

पायाला हात लावलाच आहे, तर पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का, हेही पाहून घेतात. मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असल्यास ते विशेष महत्त्वाचे. मनगटाची नाडी अनियमित लागली, तर 15 सेकंद मोजून चारने गुणणे पुरेसे नसते, पूर्ण मिनिट मोजावी लागते.

स्टेथोस्कोपपूर्वी तळहात छातीवर ठेवून हृदयाचे टोक कोठे आपटते तेही पाहतात. निरोगी माणसात ते डावीकडे पाचव्या बरगडीखालच्या फटीत, गळपट्टीच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेच्या आसपास लागते. हृदय मोठे झाले की ते काखेकडे सरकते. मग कानांचे काम. झडपा मिटण्याच्या दोन आवाजांमध्ये घरघर ऐकू आली, तर एखादी झडप अरुंद किंवा गळकी असू शकते. लहानपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झालेल्या झडपेचा आवाज इतका मंद असतो, की रुग्णाला डाव्या कुशीवर वळवल्याशिवाय तो अनेकदा सापडत नाही.

तुमच्या वडिलांना बहुधा इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितली जाईल, ती करून घ्यावी. तोवर कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. पण पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटे, गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामकांसह, सोबत न्यावीत, कारण त्यातील बऱ्याच गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. बसल्या जागी धाप लागली, आडवे झोपता येईना किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना लगेच रुग्णालयात न्यावे.