ट्रॉलरचं गरम पाणी वाया का जातं?

प्रश्न : माझे बाबा मालिम जेटीवर एका ट्रॉलरचं इंजिन बघतात. इंजिन चालू असलं की बाजूच्या पाइपातून गरम पाणी सारखं पडत असतं, सायलेन्सरला तर हात लावता येत नाही. बाबा म्हणतात, अर्धं डिझेल असंच पाण्यात जातं. सगळी उष्णता कामाला लावणारं इंजिन कोणी का बनवत नाही?
— एक वाचक, बेती

उत्तर : बाबा बरोबर आहेत, खरं तर अर्ध्याहून जास्तच जातं. असल्या डिझेल इंजिनात साधारण 35 ते 40 टक्के उष्णतेचं काम होतं, बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर.

आता बघा, तापलेल्या वायूने पिस्टन, म्हणजे सिलेंडरमधला वरखाली सरकणारा दट्ट्या, एकदा खाली ढकलला म्हणून झालं नाही ना, त्याला परत वर यायचंय, आणि तापलेला वायू आत तसाच ठेवून तो दाबायला गेलात तर मिळालेलं सगळं काम दाबण्यातच संपणार, हातात काहीच उरणार नाही. म्हणून तो गरम वायू बाहेर टाकावाच लागतो. सादी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने हे 1824 साली, वयाच्या 28व्या वर्षी मांडलं, आणि मला आजही त्याचं फार कौतुक वाटतं. त्याने उष्णतेची तुलना धबधब्याशी केली. आपला दूधसागर घ्या, पाणी वरून खाली पडतं म्हणून त्यात जोर, सपाट जागी साठलेल्या पाण्यावर चक्की फिरणार नाही. तसंच नुसती उष्णता असून भागत नाही, गरम आणि थंड यांच्या तापमानात अंतर लागतं. फक्त एक फरक, धबधब्याचं पाणी सगळं खाली पोचतं, उष्णतेतला काही भाग वाटेतच काम होऊन जातो, हे नंतर कळलं.

हिशोब सोपा आहे. सेल्सिअसमध्ये 273 मिळवायचे, मग थंड बाजूच्या आकड्याला गरम बाजूच्या आकड्याने भागायचं, उष्णतेतला निदान तेवढा वाटा फेकावाच लागतो. समुद्र 27 अंश म्हणजे 300, गरम बाजू 327 अंश म्हणजे 600, तर कितीही भारी इंजिन आणा, निम्म्याहून जास्त काम मिळणार नाही. डिझेल जळताना तापमान 2000 अंशांच्या आसपास जातं, म्हणजे कागदावर मर्यादा 87 टक्के येते, पण ते तापमान क्षणभरच टिकतं, सिलेंडरचं लोखंड वितळू नये म्हणून गार ठेवावं लागतं, धूर गरमच सुटतो, वर घर्षण. मोठ्या जहाजांची अवाढव्य इंजिनं कशीबशी 50 टक्क्यांपर्यंत पोचतात.

वाया जाणारी थोडी उष्णता परत वापरतात, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, धुराच्या जोरावरच फिरतो, आणि मोठ्या जहाजांवर इंजिनाच्या गरम पाण्यावर समुद्राचं पाणी गोडं करतात. बाबांना एवढंच सांगा, त्या पाइपातून इंजिन गार ठेवणारं पाणी पडायचं थांबलं तर लगेच इंजिन बंद करा.